न्यूयॉर्कला मुलांकडे जाताय? एक जेवण नीट जेवून या

गोव्यातून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांची आता रीघ असते. मे महिन्यात जायचे, नातवंडे सांभाळायची, जमले तर चवथीला परत यायचे. आल्यावर कुणी विचारले, तिथे काय खाल्ले, तर उत्तर ठरलेले: घरी भात-आमटी, बाहेर पिझ्झा, आणि शनिवारी न्यू जर्सीतल्या, भारतीय वस्तीच्या एडिसनला जाऊन डोसा. एवढा विमानखर्च करून डोसा! न्यूयॉर्कमधले एखादे उंची अमेरिकन हॉटेल बघूया का, असे मनात येते. पण दर, कपडे, इंग्रजी, बीफची धास्ती, टिपचा गोंधळ, या सगळ्याने पाय मागे येतो.

मी डिचोलीचा. बार्देशातल्या एका पंचतारांकित हॉटेलात वेटर म्हणून लागलो आणि रेस्टॉरंट मॅनेजर होऊन निवृत्त झालो. लागलो तेव्हा आमचे जुने कॅप्टन, १९८३ साली राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रमुख गोव्यात मुक्कामाला आले होते, त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. जन्मभर टेबलापाशी उभा राहिलो. मुलगा न्यूयॉर्कच्या नदीपलीकडच्या जर्सी सिटीला स्थायिक झाल्यावर बसणाऱ्यांत आलो. उभे राहून जे दिसायचे ते असे: महागड्या जागी येणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात ते दरामुळे नव्हे, न विचारल्यामुळे. घाबरलेला माणूस मेनूतले एक तर सगळ्यात स्वस्त मागवतो, नाहीतर शेजारच्या टेबलावरचे. आणि गंमत म्हणजे तिथे राहणारी आपली मुले आपल्याहून जास्त बुजतात. मी वेटरला भाव विचारला की आमचा मुलगा कुजबुजतो, "बाबा, इथे असं विचारत नाहीत." विचारतात. विचारलेलेच वेटरला बरे वाटते, हे मला कुणी शिकवायला नको.

कुठे जावे

अमेरिकन म्हणजे बर्गर ही समजूत घरीच ठेवून निघा. पूर्वी तिथेही उंची जेवण म्हणजे बहुतेक फ्रेंच जेवण असे. १९७१ मध्ये अ‍ॅलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियात बर्कली इथे 'शे पनीस' सुरू केले. जवळच्या शेतकऱ्याकडे आज जे उत्तम आहे तेच आज शिजवायचे, हा तिथला शिरस्ता पुढे देशभर पसरला. आज न्यूयॉर्कमध्ये 'न्यू अमेरिकन' म्हणून जे मिळते ते त्याच वळणाचे. त्याच्या जोडीला जुनी स्टेकहाउसे आहेत, ऑयस्टर बार आहेत, आणि दक्षिणेकडच्या व कृष्णवर्णीयांच्या घरांतून आलेले जेवण आहे. यांतले काय हवे ते आधी ठरवा, हॉटेल मागाहून. 'टॉप टेन' याद्या बघून टेबल धरणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, त्या घराचा, म्हणजे हॉटेलचा, हातखंडा पदार्थ कोणता ते शोधा. तो तुम्हाला खायचा नसेल तर तिथे जाऊच नका.

मटण खाणाऱ्याने कीन्स या जुन्या स्टेकहाउसला जावे. जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरहून निघालेली पाथ ट्रेन मॅनहॅटनमध्ये ३३ व्या रस्त्याला सोडते. तिथून ३६ व्या रस्त्यावरचे कीन्स चालत थोडेच. १८८५ सालचे हे घर. आत शिरल्यावर मान वर करा: छताला लांब दांड्याच्या मातीच्या चिलमी ओळीने टांगल्या आहेत, ५० हजारांहून जास्त. या चिलमी इतक्या नाजूक की गिऱ्हाईक त्या घरी न नेता हॉटेलातच ठेवून जाई; मालक नोंद ठेवून सांभाळत. थिओडोर रूझवेल्ट आणि आइन्स्टाइन यांची नावेही त्या नोंदीत आहेत. पूर्वी इथे बायकांना प्रवेश नव्हता. लिली लँग्ट्री या नटीने १९०५ मध्ये कोर्टात जाऊन तो मिळवला. हे मी बायकोला सांगितले तेव्हा तिने तिथे आणखी एक पदार्थ मागवला, का ते मला कळले नाही.

कीन्सचा हातखंडा म्हणजे मटन चॉप. हे मेंढीचे मांस, आपल्या बोकडाचे नव्हे. पाठीचा दोन्ही बाजूंचा जाडजूड तुकडा, कडेला चरबीची पट्टी, बाहेरून खरपूस. आपल्या दोघांना एक पुरतो, आणि उरलाच तर डब्यात बांधून देतात. मसाला शोधू नका, मिठाच्या पलीकडे फारसे काही नसते. चव मांसाची आणि चरबीची. सोबत क्रीममधला पालक आणि हॅश ब्राऊन बटाटे घ्या. स्टेकहाउसमध्ये या भाज्या वेगळ्या मागवाव्या लागतात आणि एकेक वाडगा तिघाचौघांना होतो. माणशी एक मागवलात तर टेबलावर जागा उरणार नाही. शिजवणे किती, हे विचारतील. आतून गुलाबी मांस आपल्याला रुचत नाही. तेव्हा 'मीडियम वेल' सांगा आणि शेफ मनात काय म्हणेल याची फिकीर करू नका. जेवण तुमचे आहे. एक मात्र ध्यानात घ्या: स्टेकहाउसच्या एकाच भट्टीत बीफही भाजतात. ज्याला ते चालत नाही त्याने इथे तडजोड करत बसू नये, सरळ दुसरे घर गाठावे.

आम्ही नुस्तेखाऊ, म्हणजे मासेखाऊ लोक. आमच्यासाठी खरी जागा ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या पोटातला ऑयस्टर बार. १९१३ मध्ये स्टेशन उघडले त्याच वर्षी हाही उघडला. वर ग्वास्ताव्हिनो पद्धतीच्या फरश्यांच्या कमानी आहेत. दाराबाहेरच्या कमानीखाली एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजले तर समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येते. इथे टेबल मागू नका, काउंटरवर बसा. तिथे ऑयस्टर पॅन रोस्ट होतो तो तुमच्या डोळ्यांदेखत, वाफेवर तापणाऱ्या छोट्या भांड्यांत: कालवे, लोणी, क्रीम, थोडा चिली सॉस, वूस्टरशर, सेलरीचे मीठ, आणि खाली टोस्टचा तुकडा. नावात रोस्ट असले तरी निघते दाट सूप. कालवांचे सुके खाऊन वाढलेल्या माणसाला आधी ते गुळमट वाटेल, तिसऱ्या चमच्याला पटेल.

कच्ची कालवे खायची की नाही? आपल्याकडे कुणी कच्ची खात नाही, आणि पोट नाजूक असेल, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर तिथेही खाऊ नका. तब्येत ठणठणीत असली तर दोन मागवा. मोजून दोन मिळतात, डझनच घ्यायला हवीत असे नाही. पूर्व किनाऱ्याची, म्हणजे लाँग आयलंडची ब्लू पॉइंट किंवा मॅसॅच्युसेट्सची वेलफ्लीट, खारट असतात. पश्चिमेकडची कुमामोतो लहान आणि गोडसर. नवख्याने कुमामोतोपासून सुरुवात करावी, नुसते लिंबू पिळून. मेन राज्यातला लॉब्स्टर आपल्या शेवंडापेक्षा वेगळा: शेवंडाला नांग्या नसतात, याला दोन दांडग्या असतात आणि गोड मांस त्यांतही. मेनूत त्याच्यापुढे आकड्याऐवजी 'मार्केट प्राइस' लिहिलेले असते. तो आकडा विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. मे-जूनमध्ये गेलात तर सॉफ्ट शेल क्रॅब असेल. नुकतीच कात टाकलेली निळी कुर्ली, कवचासकट तळलेली. कुर्ली फोडताना हात आणि सदरा दोन्ही रंगवणाऱ्या आपल्या लोकांना सबंध कुर्ली काट्याचमच्याने खाता येते, याचेच अप्रूप. क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचे दाट सूप, घ्यायचे तर न्यू इंग्लंडचे पांढरे, क्रीमचे. मॅनहॅटनचे टोमॅटोचे, लाल. पांढऱ्यात बहुधा डुकराचे खारवलेले मांस असते, विचारून घ्या.

हॉटेल एकच निवडायचे झाले, तेही घरातल्या निम्म्या मंडळींना मांसमच्छी चालत नसताना, तर मी ग्रॅमर्सी टॅव्हर्न म्हणेन. २० व्या रस्त्यावर, १९९४ मध्ये डॅनी मायर आणि शेफ टॉम कोलिकिओ यांनी सुरू केलेले. २००६ पासून स्वयंपाकघर मायकेल अँथनी यांच्याकडे. एकाच छपराखाली दोन हॉटेले आहेत म्हणा ना. मागची डायनिंग रूम म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारे मोठे जेवण, भाज्यांचाही वेगळा क्रम असतो. पुढची टॅव्हर्न म्हणजे हवे ते एकेक मागवा, लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेले खा, तासाभरात उठा. सेवा दोन्हीकडे सारखीच. आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला जे बघायचे असते ते पुढच्याच खोलीत जास्त दिसते: पाण्याचा पेला अर्धा व्हायच्या आत भरला जातो, पण भरणारा माणूस तुमच्या बोलण्यात येत नाही. आमच्या नव्या पोरांना मी हेच शिकवता शिकवता म्हातारा झालो.

इथे जायची माझी पद्धत सांगतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार धरा. त्या दिवशी जवळच युनियन स्क्वेअरला शेतकऱ्यांचा बाजार भरतो, १९७६ पासून. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला तिथे कसे फिरायचे हे सांगावे लागत नाही. मे महिन्यात रॅम्प्स नावाची रानटी लसणाची पात, जूनमध्ये मटार आणि स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्ये टोमॅटो आणि गोड मका, ऑक्टोबरमध्ये तऱ्हेतऱ्हेचे भोपळे आणि सफरचंदे. तासभर फिरा, भाज्यांची नावे वाचा, आणि मग दुपारच्या जेवणाला टॅव्हर्नमध्ये जाऊन मेनूत तीच नावे शोधा. ऑगस्टात टोमॅटोचा पदार्थ सोडून चिकन मागवणाऱ्याला माझे काही सांगणे नाही.

ब्रुकलिनचे गेज अँड टॉलनर हे माझे लाडके. १८७९ मध्ये सुरू झाले, १८९२ पासून फुल्टन स्ट्रीटवर त्याच जागी. २००४ मध्ये बंद पडले आणि २०२१ मध्ये नव्या मालकांनी पुन्हा उघडले. भिंतींवरचे आरसे, गॅसचे दिवे जुनेच. दक्षिणेकडच्या जेवणाला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली त्या एडना लुईस या घरात १९८०च्या दशकाअखेरीस शेफ होत्या. पण मला भावते ती जुन्या वेटरांच्या बाहीवरची खूण: एका वर्षाच्या नोकरीला सोनेरी पट्टी, पाच वर्षांना तारा, पंचवीस वर्षांना गरुड. आमच्याकडे पंचवीस वर्षांना घड्याळ मिळायचे, तेही निरोपाच्या दिवशी. इथे पार्कर हाउस रोल मागवा: लोण्याने माखलेले, मऊसूत पाव, पोदेराच्या पावावर वाढलेल्या गोंयकाराला नावे ठेवायला जागा नाही. क्लॅम्स किमसिनो म्हणजे कोरियन किमची आणि बेकनच्या लोण्यात भाजलेले मोठे शिंपले. बेकन चालत असेल तरच. आणि शेवटी बेक्ड अलास्का, चौघांत एक. आत आइस्क्रीम, बाहेर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, वरून भाजलेला.

लिंकन सेंटरमधले टाटियाना २०२२ मध्ये शेफ क्वामे ओन्वुआची यांनी उघडले. नायजेरिया, कॅरिबियन आणि ब्राँक्समधले लहानपण, हे सगळे एका मेनूत. करीड गोट पॅटी बघा. कॅरिबियनमध्ये करी पोचली ती आपल्याकडून नेलेल्या गिरमिटिया मजुरांबरोबर, त्यामुळे बकऱ्याची ती चव जिभेला लगेच ओळखीची वाटते. टेबल मिळणे मात्र कठीण, संगीत मोठे. सासूबाईंना नेऊ नका.

डेल्मोनिकोज इतिहासासाठी: १८२७ मध्ये मिठाईचे दुकान म्हणून सुरुवात, मग अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या रेस्टॉरंटांपैकी एक, २०२० मध्ये बंद पडून २०२३ मध्ये पुन्हा उघडले. विल्यम्सबर्गचे पीटर लुगर, १८८७ चे, निव्वळ बीफ खाणाऱ्यांचे. तिथे वर्षानुवर्षे क्रेडिट कार्ड चालत नसे, तेव्हा जाण्याआधी विचारा.

टेबल मिळवणे

रेझी आणि ओपनटेबल ही दोन अ‍ॅप पुरतात. प्रत्येक हॉटेल ठराविक दिवस आधी, ठराविक वेळेला टेबले खुली करते. ते दिवस आणि ती वेळ हॉटेलच्या पानावर लिहिलेली असते. टेबल न मिळाल्यास 'नोटिफाय' दाबून ठेवा. कुणी रद्द केले की निरोप येतो, आणि आदल्या दिवशी बरेच जण रद्द करतात, कारण रद्द न करता गैरहजर राहिले की माणशी दंड कार्डावर पडतो. हा दंड तुम्हालाही पडेल. नातवाला ताप आला तर आधी अ‍ॅप उघडून रद्द करा, मग डॉक्टरला फोन करा. नाही, आधी डॉक्टर, पण लगेच अ‍ॅप.

संध्याकाळी साडेपाचची वेळ सहज मिळते. आपण नवाच्या पुढे जेवणारे लोक, साडेपाचला भूक कसली लागणार, म्हणून ती सोडू नका. दुपारी हलके खा. त्या वेळी स्वयंपाकघर ताजे असते, वेटरच्या अंगावर एकदोनच टेबले असतात आणि तो तुमच्याशी बोलू शकतो. साडेसातला तो पळत असतो. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर टेबल जाऊ शकते, म्हणून शनिवार-रविवारी पाथचे वेळापत्रक आधी बघा. अनेक चांगली घरे सोमवारी बंद असतात. आपला सोमवार त्यामुळे आपोआप पाळला जातो.

बुकिंग अजिबात मिळत नसेल तर दोघांनीच जा आणि बारवर बसा. न्यूयॉर्कमध्ये बारवर पूर्ण जेवण मिळते, आणि दारू घेतलीच पाहिजे असे नाही. खर्च बेताचा ठेवायचा असेल तर रेस्टॉरंट वीक धरा: १९९२ मध्ये १९ डॉलर ९२ सेंटच्या दुपारच्या जेवणाने हा प्रकार सुरू झाला, आता वर्षातून दोनदा असतो, हिवाळ्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास. अलीकडे ३०, ४५ आणि ६० डॉलर असे ठरलेले दर असतात. त्यात घराचा हातखंडा पदार्थ आहे का ते मेनूत बघून घ्या. पुष्कळ ठिकाणी तोच वगळलेला असतो, आणि मग त्या स्वस्ताईला अर्थ नाही.

वाढदिवस असेल तर घरून केक नेऊ नका. नेलात तर कापून वाढण्याचे माणशी पैसे लावतात. बुकिंग करताना 'बर्थडे' लिहिले की बहुतेक ठिकाणी गोड पदार्थावर मेणबत्ती लावून आणतात. कपड्यांचा बाऊ नको: पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि बूट, बायकांना साडी उत्तम. आत एसी कडक असतो, शाल घ्या. हिवाळ्यात कोट दारात घेतात. परत घेताना कोटामागे एकदोन डॉलर द्यायची रीत आहे, तेव्हा सुटे ठेवा.

टेबलावर

बसल्याबरोबर पाणी कोणते, असे विचारतील. 'टॅप' म्हणा. न्यूयॉर्कचे नळाचे पाणी कॅटस्किल डोंगरांतल्या जलाशयांतून येते आणि फुकट असते. बाटलीचे घेतलेत तर ती संपली की न विचारता दुसरी उघडतील. हे मी सांगत नाही, माझी नोकरी सांगते.

मग वेटर येऊन 'आजचे विशेष' तोंडपाठ म्हणतो. भाव म्हणत नाही. तो सांगून झाला की शांतपणे प्रत्येकाचा भाव विचारा. वाइन घ्यायची तर यादीतल्या परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवा आणि म्हणा, "साधारण अशी एखादी सुचवा." आकडा तोंडाने उच्चारायला नको, पाहुण्यांना कळायला नको, आणि वाइन देणाऱ्याला नेमके कळते. आमच्याकडे येणारे मुरलेले गिऱ्हाईक असेच करायचे. एक पेला दोघांत वाटून मागितला तरी चालतो.

नंतर तुमचे नियम सांगा, ऑर्डर देण्याच्या आधी आणि एकाच दमात: बीफ नाही, डुक्कर नाही, हिला मासे चालतात, मला अंडे चालते. 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द पुरत नाही. आमच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, लोकांना फसवणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच: ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बेकन, कोलार्ड ग्रीन्समध्ये डुकराचे हाड, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये खारवलेले मासे, सूप चिकनच्या पाण्यात, काही ठिकाणी बटाट्याचे काप बीफच्या चरबीत तळलेले, आणि पन्ना कोट्टात जिलेटिन. म्हणून "हे कशात शिजवले आहे?" हा प्रश्न पाठ करून ठेवा. वेटरला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन विचारून येईल. केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, अ‍ॅलर्जी आणि वर्ज्य लिहिणे हे त्याचे कामच. विचारायला जात नसेल तर अंडे-बटाट्यावर भागवा आणि त्या घरी परत जाऊ नका. एका ठिकाणी, नाव कशाला घेऊ, "थोडेसेच बेकन आहे, बाजूला काढा" असे उत्तर मिळाले. आम्ही पाणी पिऊन उठलो.

सगळेच शिवराक असतील तर लोअर ईस्ट साइडला डर्ट कँडी गाठा. अमांडा कोहेन यांनी २००८ मध्ये सुरू केलेले, पूर्ण भाज्यांचे, ठरलेल्या क्रमाचे जेवण. मांसाची नक्कल नाही, सोयाचे तुकडे नाहीत. गाजर गाजरच असते, फक्त ते असे होऊ शकते हे ठाऊक नसते.

जेवण रुचले नाही तर पहिल्या दोन घासांत सांगा, अर्धे खाऊन झाल्यावर नव्हे. मासा कच्चट असेल, मांस लाल असेल, तर परत न्यायला वेटरला काही वाटत नाही. फक्त "तिखट नाही" ही तक्रार करू नका. तिखट नसतेच. लाल सॉसची बाटली मागायचा मोह होईल. एक जेवण दम धरा.

बिल

इथे आपल्या माणसांची सर्वाधिक धांदल उडते, म्हणून जरा सविस्तर.

समजा दोघांचे खाणेपिणे २०० डॉलर झाले. न्यूयॉर्क शहरात त्यावर ८.८७५ टक्के कर, म्हणजे १७ डॉलर ७५ सेंट. बिल २१७.७५ चे येईल. त्यात टिप नाही. नीट सेवा मिळाली असेल तर २० टक्के, तेही कर धरण्याआधीच्या २०० वर: ४० डॉलर. एकूण २५७.७५. म्हणजे मेनूतल्या आकड्यावर जवळपास तीस टक्के चढतात. घरून निघतानाच तसा हिशोब धरा. तिथला कायदा मालकाला टिपवाल्या नोकराचा रोख पगार किमान वेतनाहून कमी ठेवू देतो. उरलेले तुमच्या टिपमधून भरून निघते. म्हणून 'आवडले तर देऊ' हा आपला हिशोब तिथे चालत नाही. डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप काढून टाकायला सुरुवात केली होती, २०२० मध्ये ती परत आणावी लागली.

बिल वाचा. 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ आधीच असेल, विशेषतः सहा किंवा अधिक माणसे असताना, तर वेगळी टिप द्यायची नाही. खाली छापलेल्या १८, २०, २२ टक्क्यांच्या रकमा कधी कर धरून काढलेल्या असतात, तेव्हा स्वतः मोजा. मुलगा "मी देतो" म्हणून बिल ओढेल. ओढू द्या, पण बघून घ्या. ही मुले बिल वाचत नाहीत.

तुमचे भारतीय कार्ड असेल तर निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा आणि मर्यादा घाला. परकीय चलनासाठी बँक तिचा टक्का घेते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन, त्यावर वेगळा जीएसटी. मशीनने रुपये की डॉलर असे विचारले तर डॉलर निवडा. कित्येक हॉटेलांत वेटर कार्ड आत घेऊन जातो. ओटीपी येत नाही, घाबरू नका. तो दोन चिठ्ठ्या आणतो. हॉटेलच्या चिठ्ठीवर टिपच्या ओळीत ४०, एकूणच्या ओळीत २५७.७५ लिहून सही करा, दुसरी खिशात. तेवढ्यात बँकेचा निरोप येईल तो २१७.७५ चा. टिप पोचली नाही असे समजून रोख द्यायला धावू नका. पक्का आकडा दोन-तीन दिवसांनी चढतो. तो खिशातल्या चिठ्ठीशी जुळला की चिठ्ठी फाडा, आणि गोव्याला परतल्यावर कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करून टाका.